डबा आमचा, चावी त्यांची

गाडी कोणाची असते? आरसी बुकावर ज्याचं नाव, त्याची. हप्ते ज्यानं फेडले, त्याची. गेल्या पावसाळ्यापर्यंत माझाही असाच समज होता. आता नाही. गाडीचं लोखंड माझं आहे, टायर माझे आहेत, विम्याचा हप्ताही माझाच आहे. पण डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली लपलेला वहीएवढा एक काळा डबा माझा नाही. तो बिघडला तर बदलायचा हक्क माझा नाही, आणि ज्या उस्तादानं वीस वर्षं माझ्या गाड्या सांभाळल्या त्याचाही नाही. हे मला रस्त्यात कळलं, पावसात, अम्मी शेजारी बसलेली असताना.

अहेरीला खालाकडे गेलेल्या अम्मीला घेऊन चंद्रपूरला परत येत होतो. गाडी २०११ सालची. आलापल्ली सोडली तेव्हा आभाळ नुसतं भरलेलं होतं, आष्टीला येईपर्यंत अंधारून आलं. वैनगंगेचा पूल ओलांडून गोंडपिपरीच्या रस्त्याला लागलो आणि वायपर काचेच्या मधोमध उभे राहिले. मग इंडिकेटर आपोआप लुकलुकायला लागले. मग चारही दारांची कुलुपं खटक-खटक उघडायला आणि लागायला लागली, जणू कोणी बाहेरून खेळतंय. आणि शेवटी हेडलाइट गेले. इंजिन मात्र ठणठणीत चालू.

ज्यांनी हा रस्ता पावसात रात्री पाहिला नाही त्यांना सांगतो, इथं दिवा आणि वायपर ही चैन नाही. वाघाचं सोडा, वाघ बिचारा बाजूला होतो. रस्त्यात बसलेली म्हैस होत नाही. अम्मीनं आयतुल कुर्सी सुरू केली. मी काच खाली करून मुंडकं बाहेर काढलं. नशिबानं पुढे सुरजागडच्या खनिजाचा एक ट्रक होता. ज्या ट्रकांना रस्त्याची वाट लावली म्हणून आम्ही रोज शिव्या घालतो, त्यातल्याच एकाच्या मागच्या लाल दिव्याला धरून गोंडपिपरी गाठली. त्या ड्रायव्हरला हे कधी कळलंही नसेल.

आता हा डबा म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरच आहे. त्याचं नाव बॉडी कंट्रोल मॉड्यूल. गॅरेजमध्ये बीसीएम, आमच्या उस्तादांच्या तोंडी नुसता 'डब्बा'. जुन्या गाडीत बटण दाबलं की वीज तारेतून रिलेमार्गे सरळ दिव्यापर्यंत जायची. दिवा लागला नाही तर बल्ब, फ्यूज, रिले, बटण किंवा तार, या पाचांत चोर सापडायचाच. आता बटण दिवा लावत नाही. बटण फक्त अर्ज करतं. डबा अर्ज वाचतो आणि मंजुरी देतो. हेडलाइट, वायपर, हॉर्न, इंडिकेटर, काचा, दारांची कुलुपं, आतला दिवा, सगळे अर्ज एकाच टेबलावर. इंजिनाचा संगणक वेगळा, म्हणून इंजिन चालू राहिलं. दोघं आपसात दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. ही पद्धत बॉश कंपनीनं १९८६ मध्ये जगापुढे मांडली. तिला कॅन म्हणतात. त्यात वाईट काही नाही. शेकडो मीटर तार वाचते, गाडी हलकी होते. माझं भांडण तंत्राशी नाही, टेबलामागे बसलेल्या माणसाशी आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण सगळीकडे तेच ऐकायला मिळतं असा मित्रांचा अनुभव आहे. त्या पोरानं स्कॅनर लावला, पडद्यावर यू ०१४० असा कोड आला, आणि पाच मिनिटांत निकाल: "सर, बीसीएम गेला. नवीन टाकावा लागेल." किंमत एकतीस हजार. वर कोडिंगचे वेगळे. भाग मागवावा लागेल, दीड-दोन महिने, मिळेलच याची खात्री नाही, मॉडेल बंद झालंय. कोडिंगसाठी गाडी नागपूरला न्यावी लागेल. मग आवाज मऊ करून: "तसंही सर, गाडी चौदा वर्षांची झाली. एक्स्चेंज बघता का?" आणि त्यानं मला शोरूमच्या बाजूचं दार दाखवलं. दुरुस्तीच्या दारातून आत गेलेला माणूस खरेदीच्या दारातून बाहेर काढायचा, ही वास्तूची रचनाच आहे.

मी शिक्षक आहे, म्हणून त्या कोडवर अडलो. घरी येऊन यू ०१४०चा अर्थ शोधला. अर्थ आहे: 'बीसीएमशी संपर्क तुटला.' संपर्क तुटला, म्हणजे डबा मेला असं नव्हे. मी वर्गात हजेरी घेतो, एक नाव पुकारतो, उत्तर येत नाही. म्हणजे पोरगं वारलं का? ते गैरहजर असेल, झोपलेलं असेल, पंख्याच्या आवाजात त्याला ऐकू आलं नसेल. आधी बाकापर्यंत जाऊन पाहावं लागतं. सर्व्हिस सेंटरनं बाकापर्यंत न जाता एकतीस हजारांचा मृत्यूचा दाखला लिहिला.

उस्ताद बाकापर्यंत गेले. त्यांचं गॅरेज म्हणजे टिनाचं शेड, बाहेर बाभूळ. "मास्टरसाब, पहले बॅटरी, फिर अर्थ, फिर पिलग, सबके बाद डब्बा," हा त्यांचा क्रम, आणि कुठल्याही चांगल्या मॅन्युअलमध्ये हाच क्रम सापडेल. बॅटरी १२.६ व्होल्ट, ठीक. चॅसीला जोडलेली अर्थची तार घासून पाहिली, ठीक. बॅटरी काढून कॅनच्या दोन तारांमध्ये मीटर लावला. दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोधक असतात, ते समांतर असल्यामुळे ६० दिसायला हवेत. ६० दिसले. म्हणजे तार शाबूत. मग ते लगेच डॅशबोर्डला भिडले नाहीत. बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी ठेवून चहा मागवला, कारण एअरबॅगच्या तारा तिथूनच जातात आणि त्यांच्यातली साठलेली वीज उतरायला वेळ द्यावा लागतो. असं त्यांना कुठल्या कंपनीनं शिकवलं नाही.

डबा बाहेर आला तर प्लगच्या पिना हिरव्या. आतल्या प्लेटवर पाण्याचा डाग, एक रिले चिकटून बसलेला, दोन रेषा खाऊन गेलेल्या. पाणी आलं कुठून? समोरच्या काचेखाली, बॉनेटच्या मागे, जाळीची एक पट्टी असते. तिच्याखाली पन्हळ, पन्हळीच्या टोकाला भोक. त्या भोकातून पावसाचं पाणी खाली रस्त्यावर जावं अशी सोय. माझ्या गाडीच्या पन्हळीत सागाच्या पानांचा अर्धा पसा कुजलेला चिखल निघाला. आलापल्लीचा साग जगात नावाजलेला, पण त्याचं पान माझ्या गाडीच्या गटारात बसतं हे मला माहीत नव्हतं. भोक बंद, पन्हळ भरली, पाणी पंख्याच्या वाटेनं आत उतरलं आणि थेंब-थेंब डब्यावर. किती पावसाळे हे चाललं होतं कोण जाणे. सर्व्हिस सेंटरनं नवा डबा टाकला असता तर पुढच्या आषाढात तोही पाणी प्याला असता, आणि मला पुन्हा शोरूमचं दार दाखवलं असतं.

(जंगलात राहणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विनंती: मृगाआधी ती जाळी उचलून भोकात तार घाला. फुकट काम आहे.)

उस्तादांनी प्लेट धुतली, रिले बदलला, रेषा तारेनं जोडल्या. कुलुपं शहाणी झाली, इंडिकेटर गप्प झाले. पण हेडलाइट कधी लागत, कधी नाही. दोन दिवस झटून ते म्हणाले, "ये भरोसे का नहीं रहा. रात को अम्मी को लेके जाते तुम." मला हे महत्त्वाचं वाटतं. दुरुस्ती म्हणजे प्रत्येक वस्तू ओढूनताणून चालवणं नव्हे. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं तो मिस्त्री. आता डबा बदलायचा.

नागपूरच्या एका भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा, लेबलावर तोच भाग क्रमांक असलेला डबा चार हजार दोनशेला आला. मागून अपघात झालेल्या गाडीतला, कोरडा ठणठणीत. लावला. दिवे लागले, वायपर फिरले. किल्ली फिरवली, इंजिन दोन सेकंद चाललं आणि बंद. पुन्हा दोन सेकंद, बंद.

इथं कुलूप आहे. किल्लीच्या डोक्यात बिनबॅटरीची एक बारीक चिप असते. माझ्या गाडीत तिची ओळख पटवायचं काम याच डब्याकडे. तो ओळख पटवतो आणि इंजिनाच्या संगणकाला सांगतो, 'माणूस आपला आहे.' नवा डबा दुसऱ्या गाडीचा, त्याला माझी किल्ली परकी आणि इंजिनाला तो परका. त्यांची ओळख करून देणं म्हणजे कोडिंग. ते करायला कंपनीचं सॉफ्टवेअर आणि गुप्त आकडा लागतो, आणि तो गॅरेजवाल्याला मिळत नाही. मालकालाही मिळत नाही. मी आरसी, आधार, विमा सगळं घेऊन त्याच सेंटरला विचारायला गेलो होतो. "बाहेरून आणलेल्या पार्टचं कोडिंग आम्ही करत नाही." एवढंच उत्तर. माझी गाडी, माझी किल्ली, पैसे देऊन घेतलेला डबा. तीनही वस्तू माझ्या, पण त्यांची आपसात ओळख करून देण्याची परवानगी तिसऱ्याकडे.

गडचिरोलीत राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. २००६च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरला. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद गावाकडे, बांबू उभा. पण वाहतुकीचा परवाना देणार वनखातं. परवान्याशिवाय तोच बांबू गावाच्या शिवेबाहेर पडला की चोरीचा माल. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे त्या हक्काला अर्थ आला. मेंढ्याचं भांडण पोटाचं होतं, पिढ्यांचं होतं. माझ्या मोटारीची त्याच्याशी बरोबरी करण्याइतका मी निर्लज्ज नाही. पण युक्ती एकच आहे. मालकी तुमच्या नावावर करायची आणि परवान्याचं पुस्तक आपल्या कपाटात ठेवायचं.

माझं पुस्तक एका तेवीस वर्षांच्या पोरानं उघडलं. उस्तादांनी त्याला बोलावलं, तो मोटारसायकलवर लॅपटॉपची बॅग घेऊन आला, आणि मला बघून उभा राहिला. "सलाम सर." माझाच विद्यार्थी. नववीत त्याच्या उर्दूच्या वहीत लाल शाईशिवाय काही नसायचं. त्याच्या अब्बांना शाळेत बोलावून मी म्हणालो होतो, "याचं पढाईत मन नाही, कुठे गॅरेजला लावून द्या." मी ते शिक्षा म्हणून म्हणालो होतो, सल्ला म्हणून नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

त्यानं जुना डबा उघडला. प्लेटवर आठ पायांची एक बारीक चिप, त्यात डब्याची सगळी आठवण: कोणती किल्ली आपली, कोणतं इंजिन आपलं. प्लेट सडली होती, आठवण शाबूत होती. त्यानं चिमटा लावून तो मजकूर लॅपटॉपवर उतरवला, दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळतात का पाहिलं, भंगारातल्या डब्याचा मूळ मजकूर वेगळा जपून ठेवला, आणि माझ्या डब्याचा मजकूर त्यात लिहिला. आयुष्यभर मी नक्कल करणाऱ्या पोरांना पकडत आलो. इतकी काळजीपूर्वक नक्कल पाहिली नव्हती. किल्ली फिरवली. इंजिन चाललं आणि चालत राहिलं. दिवे, वायपर, कुलुपं, हॉर्न, सगळं एकेक करून तपासलं. मीटरवरचे किलोमीटर आधी किती होते आणि नंतर किती, याचे दोन फोटो त्यानं मला न मागता पाठवले. सगळं मिळून सात हजार आठशे.

आता स्टाफरूम. एका सहकाऱ्यानं ऐकलं आणि हसत म्हटलं, "तुमच्या लोकांना बरं जमतं हे. कुलूप तोडायचं." हसत म्हटलं म्हणून बाकीचेही हसले. मी हसलो नाही. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात नोंद आहे की मोटारींची विक्री, देखभाल आणि दुरुस्ती या कामात असलेल्यांपैकी चतुर्थांशाच्या आसपास मुसलमान आहेत, म्हणजे लोकसंख्येतल्या वाट्याच्या जवळजवळ दुप्पट. सरकारी नोकरीत जागा नाही, मोठ्या दुकानाला भांडवल नाही, तेव्हा हातात पाना आला. देशाच्या गाड्या या हातांवर चालल्या. आज गाडी पान्याची राहिली नाही, संगणकाची झाली, आणि नेमक्या त्याच वेळी कुलूप आलं. कोणी मुसलमानांविरुद्ध कट केला असं मी म्हणत नाही. कंपनीला गिऱ्हाइकाचा धर्म दिसत नाही, खिसा दिसतो. चामोर्शीच्या कुणब्याच्या आणि वडशाच्या बंगाली पोराच्या गॅरेजलाही हेच कुलूप आहे. पण ज्याची रोजी याच धंद्यात जास्त अडकलेली, त्याला मार जास्त बसतो, हे हिशेबाचं सत्य आहे.

आणि 'कुलूप तोडणं' म्हणाल, तर ऐका. हे कुलूप बेकायदा कोणी लावलं यावर या देशात निकाल होऊन गेला आहे. २०११ मध्ये शमशेर कटारिया नावाच्या एका ग्राहकानं स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना दोषी धरलं, मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला, आणि भाग, मॅन्युअल, तपासणीची साधनं खुल्या बाजारात द्या असं बजावलं. त्या चौदांत देशातली बहुतेक मोठी नावं होती. पुढे अपिलं झाली. अपिलीय न्यायाधिकरणानं मूळ निष्कर्ष उचलून धरला, दंडाची रक्कम मात्र कमी केली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कावर निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्यात मोटारींचाही समावेश केला, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू केलं. पोर्टल चांगलं आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. त्यावर कंपनीचा फोन नंबर सापडतो, माझ्या डब्याचा आकडा सापडत नाही.

कंपन्यांचं म्हणणं असतं की कोड खुले केले तर गाड्या चोरीला जातील. हा मुद्दा खोटा नाही, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं. किल्लीची चिप आली तेव्हापासून तार जोडून गाडी पळवणं अवघड झालं, हे खरं. पण आकडा कोणालाच देऊ नका आणि आकडा वाटेल त्याला द्या, या दोनच वाटा आहेत का? अमेरिकेत किल्ल्या बनवणाऱ्यांची आणि तंत्रज्ञांची नोंदणी होते, त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते, मग त्यांना असे कोड मिळतात, आणि कोणी कोणत्या गाडीसाठी कोड घेतला याची नोंद राहते. युरोपात याच धर्तीवर सर्मी नावाची व्यवस्था आली आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी तर २०१२ मध्येच मोठ्या बहुमतानं मोटार दुरुस्तीचा हक्क मान्य केला. चोर काय नोंदणी करून येतो? चोर आजही बाजारातलं पळवाटीचं यंत्र विकत घेतो. कुलुपाचा त्रास होतो तो फक्त आरसी दाखवायला तयार असलेल्या माणसाला.

माझ्या त्या विद्यार्थ्याचं सॉफ्टवेअरही पळवाटीचंच आहे. त्यानं ते लपवलं नाही. "सर, पैसे भरून मिळत असतं तर भरले असते. कोणाला भरू?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. समोरचं दार बंद ठेवायचं, माणूस मागच्या खिडकीतून आत आला की त्याला चोर म्हणायचं, आणि मग चोर आहेत म्हणून दार बंद ठेवावं लागतं म्हणायचं. हे चक्र ज्यांनी फिरवलं त्यांच्याविरुद्ध मी लिहितोय.

पण आपल्या लोकांनाही दोन शब्द, कारण स्टाफरूममधल्या त्या हसण्याला आपणही थोडं खतपाणी घातलंय. आपल्यातल्या किती गॅरेजांत बिल मिळतं? काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती किती जण देतात? भंगारातून आणलेला डबा कोणत्या गाडीचा, याचा कागद किती जण मागतात? मीटरचे किलोमीटर मागे फिरवून देणारे आपल्यात नाहीत काय? आहेत, आणि आपल्याला त्यांची नावं माहीत आहेत. एक जण मीटर फिरवतो आणि शंभर जणांच्या हुनरवर डाग पडतो. हक्क मागायचा तर वही स्वच्छ लागते. आणि आपण, शिकलेले? आपण हुनरची तारीफ जुम्याच्या बयानात करतो आणि घरी पोरगं नापास झालं की म्हणतो, गॅरेजमध्ये घाला. म्हणजे गॅरेज हा आपल्या मते शाळेचा कचरापेटारा. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकल नावाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दहावीनंतर तिथे जा असं मी गेल्या वीस वर्षांत किती पोरांना स्वतःहून सांगितलं? एकालाही नाही. सगळ्यांना डीएड, बीएड सांगत राहिलो, त्यातले निम्मे आज बेकार आहेत.

भाषेचा मास्तर म्हणून एक गोष्ट मला नेहमी खटकते. मराठीत दुरुस्ती म्हणतो तो शब्द फारसीतून आला. दुरुस्त म्हणजे योग्य, नीट. उर्दूतली मरम्मत अरबीतून आली, आणि आपल्या बोलीत तिचा अर्थ मार देणं असाही होऊन बसला. मिस्त्री पोर्तुगीज मेस्त्रेवरून, म्हणजे उस्तादच. इतक्या भाषांनी मिळून या कामाला शब्द दिले, आणि बदलून टाका, एक्स्चेंज करा, स्क्रॅप करा एवढंच आज तोंडात राहिलं.

स्क्रॅपवरून आठवलं. यंदा माझ्या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होताहेत. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. ते भरू. तपासणी व्हावी, जरूर व्हावी. ज्या गाडीचे दिवे रस्त्यात जातात ती रस्त्यावर नकोच, हे मला कोणी सांगायला नको. पण सरकार मालकाला म्हणतं, गाडीचे दिवे-वायपर नीट असल्याचं दाखव, नाहीतर पास करणार नाही. त्याच सरकारनं कंपनीला एक वाक्य म्हणावं: त्या दिव्यांचा डबा इतकी वर्षं पुरवशील, आणि पुरवणार नसशील तर त्याची चावी मालकाला देशील. फिटनेसची सक्ती एकाच बाजूला का? मागणी एवढीच आहे. मालकानं आरसी आणि ओळखपत्र दाखवलं की त्याच्या गाडीचा आकडा त्याला, किंवा तो सांगेल त्या नोंदणीकृत मिस्त्रीला, ठरलेल्या फीमध्ये मिळावा. नोंदणीकृत भंगार केंद्रांतून निघालेला प्रत्येक चांगला डबा मूळ गाडीच्या क्रमांकासह, बिलानं विकला जावा. आणि सर्व्हिस सेंटरनं 'डबा गेला' म्हणताना नुसता कोड न दाखवता, काय-काय मोजलं ते कागदावर लिहून द्यावं.

हे सगळं पत्र करून मी ग्राहक व्यवहार विभागाला पाठवलं आहे, मराठीत. उस्तादांनी सहीऐवजी गॅरेजचा शिक्का मारला. त्या पोरानं सही केली, उर्दूत, आणि स्वतःच्या नावात एक नुक्ता विसरला. मी तो दाखवला नाही. जुना डबा त्यानं मला परत दिलाय. सध्या तो माझ्या टेबलावर वह्यांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून आहे. गाडी पुढच्या महिन्यात तपासणीला न्यायची आहे.